मामंजींचे कोरडे रविवार

साठचं दशक सरत आलं असताना आम्ही वेल्सच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात राहायला गेलो. ह्यांना तिथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली होती. घर चढावरच्या गल्लीत होतं, दगडी, दोन खोल्या खाली, दोन वर. समोरच पब. पाटीवर शिडाचं जहाज रंगवलेलं.

घरमालक चॅपलच्या पंचांपैकी एक होते. तिकडे त्यांना डीकन म्हणतात. उंच, किडकिडीत, कायम काळ्या सुटात. किल्ल्या देताना त्यांनी समोर बोट दाखवून मला धीर दिला, "पब बघून घाबरू नका. रविवारी आमच्या काउंटीत दारूचा थेंब मिळत नाही."

मला वाटलं, ही त्यांची आशा असेल. पण तो कायदाच होता. पूर्वी अख्ख्या वेल्समध्ये रविवारी पब बंद असायचे. मग सरकारने ठरवलं की दर सात वर्षांनी ज्या त्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, मतदान करून काय ते ठरवावं. शेजारची काउंटी ओली झाली. आमची कोरडीच राहिली. दोन्हींच्या मध्ये नदी आणि नदीवर पूल. रविवारी दुपारी त्या पुलावरून पलीकडे जाणाऱ्या बसमध्ये उभं राहायला जागा नसायची.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "अहो, आपण दारूबंदीतून निघून परत दारूबंदीतच आलो की."

मुंबईत माझं सगळं शाळकरी वय दारूबंदीत गेलं. आमच्या एका काकांकडे परमिट होतं. तब्येतीसाठी दारू आवश्यक आहे असा डॉक्टरचा दाखला त्यासाठी लागे. काका रोज तालमीत जायचे, दोन नारळ एकमेकांवर आपटून फोडायचे. पण घरी पाहुणे आले की काकू पदराने डोळे टिपल्यासारखं करून म्हणायची, "ह्यांची प्रकृती अगदी तोळामासा हो." आणि ह्यांच्या घरी तर त्याहून पुढची गोष्ट. माझे सासरे दारूबंदी खात्यात इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर त्यांनी दारू पकडली आणि ओतली. स्वतः कधी चाखली नाही.

सासूबाई गेल्या, मामंजी रिटायर झाले आणि मुंबईत एकटेच राहिले. म्हणून ह्यांनी त्यांना चार महिन्यांसाठी आमच्याकडे बोलावून घेतलं. ऑगस्टअखेर ते आले. अंगात जाड गरम कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि बॅगेत आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. मूळचे ते वेंगुर्ल्याकडचे.

पहिले आठ दिवस ते गप्पगप्प होते. ह्यांची ड्यूटी, माझी घरातली कामं, बाहेर रिपरिप पाऊस. खुर्ची खिडकीशी ओढून बसायचे आणि गल्लीकडे बघायचे. त्यांचं मन कशात रमवावं मला कळेना. शेवटी सहज विषय निघाला म्हणून रविवारच्या कायद्याचं सांगितलं. मामंजी ताठ बसले.

"लोकांनी स्वतः मत देऊन दारू बंद ठेवली?"

"हो मामंजी. रविवारपुरती."

"कुणी जबरदस्ती केली नाही?"

"नाही. उलट येत्या नोव्हेंबरात परत मतदान आहे."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्याकडे असं मत विचारलं असतं ना सूनबाई, तर लोकांनी दारूही चालू ठेवली असती आणि वर माझी बदलीही करून टाकली असती." त्या दिवशी ते पहिल्यांदा मोकळे हसले.

पण मग रविवार आला. चॅपल सुटलं. काळे सूट, टोप्या, हातात प्रार्थनेची पुस्तकं, अशी माणसं गल्लीने उतरू लागली. मामंजी खिडकीत होतेच. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, समोरच्या पबला मागून दार आहे का?"

"असेल. का?"

"आत्तापर्यंत सात-आठ इसम त्या बोळात शिरले. बाहेर एकही आला नाही. बोळ पुढे बंद आहे, हे मी काल फिरायला गेलो तेव्हा पाहिलंय."

मी म्हटलं, "कुणाकडे गेले असतील."

"शेवटचा इसम पोलीस सार्जंट होता."

गावात सार्जंट एकच, आणि तो ह्यांचा पेशंट. संध्याकाळी ह्यांनी वडिलांना समजावलं, "बाबा, तुम्ही आता रिटायर झालात. आपण इथे परके. कुणाच्या मागच्या दाराची चौकशी आपल्याला कशाला?"

"चौकशी कोण करतंय?" मामंजी म्हणाले. "मी फक्त बघतोय."

पुढच्या रविवारी ह्यांची ड्यूटी होती. मी स्वयंपाकघरात लीक चिरत होते. लीक म्हणजे तिकडची भली मोठी कांद्याची पात, पीठ पेरून झकास होते. पुढचं दार वाजलं म्हणून बाहेर येऊन बघते तर खुर्ची रिकामी, टोपी नाही, छत्री नाही. मामंजी रस्ता ओलांडून बोळाच्या तोंडाशी पोचलेसुद्धा! मी हात साडीला पुसत तशीच धावले. गाठेपर्यंत त्यांनी मागच्या दारावर छत्रीच्या मुठीने टकटक केली होती.

दार पबच्या मालकीणबाईंनी उघडलं. साठीच्या, विधवा, अंगाने भरलेल्या, फुलाफुलांचा एप्रन. आतून गाण्याचा आवाज येत होता, खालचे-वरचे चार सूर एकत्र लावलेले, आणि गाणं चॅपलमधलं होतं. गाणं एकदम थांबलं.

मामंजींनी टोपी सारखी केली आणि आपल्या सरकारी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, सदर ठिकाणी आज मद्यविक्री चालू आहे काय?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी पुढे होऊन म्हटलं, "माफ करा हं, हे माझे सासरे. मुंबईत ते—"

मालकीणबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शांतपणे म्हणाल्या, "विक्री? आज रविवार आहे. पब बंद आहे. हे माझं स्वयंपाकघर आहे आणि हे माझे पाहुणे. तुमच्या देशात पाहुण्यांकडून पैसे घेतात का?"

आत मोठं लाकडी टेबल होतं. भोवती ती सगळी काळ्या सुटातली माणसं. सार्जंटने बूट काढून पाय शेगडीपाशी शेकायला ठेवले होते. प्रत्येकासमोर ग्लास होता हे खरं. पण टेबलावर कुणी आणलेली अंडी होती, कुणाचा कोबी, कुणाचं जाम. मामंजींनी सगळं नजरेखालून घातलं. कपाळाला आठ्या. मी त्यांना इतक्या वर्षांत असा विचार करताना पाहिलं नव्हतं.

"पैशांची देवघेव नाही?"

"रविवारी नाही."

"मग विक्री सिद्ध होत नाही," मामंजी म्हणाले. जरा निराश झाल्यासारखे वाटले. सार्जंटने ग्लास उचलला आणि गंभीरपणे मान डोलावली, "मीही ह्याच निष्कर्षाला आलो होतो, सर."

सगळे हसले. आणि तेवढ्यात मामंजींचं लक्ष टेबलाच्या मधोमध गेलं. मोठ्या पातेल्यात वाफाळत्या शिंपल्या होत्या, तोंडं उघडलेल्या.

"सूनबाई! तिसऱ्या!"

ते मराठीत ओरडले. छत्री माझ्या हातात दिली आणि खुर्ची ओढून सरळ बसले. तिथल्या खाडीत ह्या शिंपल्या मिळतात. आपल्या तिसऱ्यांची चुलत बहीणच म्हणा ना, फक्त पाठीवर रेघा जास्त. बायका ओहोटीला जाऊन गोळा करतात आणि टोपल्या घेऊन बाजारात बसतात. मी इतके महिने त्या बघत होते, पण विचारायचा धीर झाला नव्हता. मामंजींनी एक उचलली, आतला गर शोषून घेतला, डोळे मिटले. मग म्हणाले, "चांगली आहे. पण ह्यांना करता येत नाही."

मी भाषांतर केलं नाही. पण मालकीणबाई म्हणाल्या, "काय म्हणाले? खरं सांग हं, कारियाद." कारियाद म्हणजे लाडके, त्या सगळ्यांनाच तसं म्हणत. मी खरं ते सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी तुम्ही करून आणा."

तेव्हापासून आमचे रविवार ठरून गेले. शनिवारी मालकीणबाई शिंपल्या पाठवायच्या. मी त्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढायची. ओलं खोबरं कुठलं! केकच्या सामानात मिळणारं सुकं किसलेलं खोबरं गरम पाण्यात भिजवून वाटायचं, मालवणी मसाला, वर दोन आमसुलं. चॅपल सुटलं की मी आणि मामंजी पातेलं घेऊन मागच्या दाराने जायचो. सार्जंटला पहिल्या घासाला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी, आणि तिसऱ्यांदा त्याने पाव घेऊन पातेलंच पुसून काढलं.

एकदा मामंजींनी जग भरून सोलकढी नेली. गुलाबी रंग बघून सगळे जरा मागे सरकले. सार्जंटने ग्लास नाकाशी नेऊन हुंगला.

"सर, ह्यात काही मादक आहे काय?"

"तपासून पाहा," मामंजी म्हणाले. "मी आयुष्यभर तेच केलं."

ते स्वतः मालकीणबाईंनी घरी केलेलं जिंजर बिअर घेत. आल्याचं सरबतच ते. पहिल्या दिवशी त्यांनी तेही तीनदा हुंगून घेतलं होतं. आणि मग गोष्टी सांगत. आमच्या घरात कधी तोंड न उघडणारा हा माणूस तिथे तासन्‌तास बोलायचा. काळ्या गुळाच्या आणि नवसागराच्या भट्ट्या, मोटारीच्या ट्यूबमध्ये दारू भरून ती कमरेला गुंडाळून गर्भार असल्याचं सोंग करणाऱ्या बायका. रंगात आले की ते मराठीत शिरायचे आणि मी भराभर भाषांतर करायची. सर्वांत आवडती गोष्ट वरातीची होती. ती दर रविवारी कुणीतरी मागायचंच.

मामंजींच्या चौकीवरून एकदा वरात चालली होती. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड. मामंजी बाजूला उभे. सगळं ठीक दिसत होतं. वरात पुढे गेली आणि त्यांच्या डोक्यात आलं, की मोठा ढोल वाजवणारा टिपरू मारतोय जोरजोरात, पण ढोल वाजत कसा नाही? धावत जाऊन वरात अडवली. ढोल उघडला. आत दारूने भरलेले फुगे, कापसात नीट रचून ठेवलेले.

"मग?" सार्जंट पुढे झुकून विचारायचा. शेवट पाठ असला तरी.

"मग नवरदेव घोड्यावरून उडी मारून पळाला. तो नवरदेव नव्हताच. आणि घोडाही चोरीचा निघाला."

हे ऐकून ती माणसं टेबलावर मुठी आपटून हसायची. आणि मामंजी खुर्चीत मागे रेलून टोपी सारखी करायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर जे एक सावट होतं, ते त्या स्वयंपाकघरात हळूहळू गेलं. ह्यांनी मला एका रात्री जेवताना म्हटलं, "बाबा असे गोष्टी सांगतात हे मला माहीतच नव्हतं. मी ह्यातली एकही ऐकलेली नाही." पुढच्या सुट्टीच्या रविवारी तेही मागच्या दाराने आमच्याबरोबर आले आणि कोपऱ्यात बसून वडिलांचं ऐकत राहिले.

नोव्हेंबर आला. भिंतींवर मतदानाच्या प्रचाराचे कागद लागले. आणि एका संध्याकाळी घरमालक डीकन आमच्याकडे आले. मला वाटलं भिंतीच्या ओलीचं बघायला आले. पण ते मामंजींसमोर हात जोडल्यासारखे बसले.

"सर, तुम्ही दारूबंदीचे अधिकारी होता असं ऐकलं. मतदानाच्या आधी चॅपलमागच्या हॉलमध्ये आमची सभा आहे. तुम्ही दोन शब्द बोलावेत."

मामंजी तत्काळ हो म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन कपाळाला हात लावला. ते आता काय बोलणार? मालकीणबाईंच्या पाहुण्यांना उघडं पाडणार, की चॅपलच्या मंडळींना दुखवणार? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी त्या दिवशी ड्यूटी मागून घेतो."

सभेला हॉल भरला होता. पुढच्या रांगेत ओळीने आमची रविवारची मंडळी बसलेली, एकजात छताकडे बघत. मालकीणबाई शेवटच्या बाकावर, डोक्यावर निळी हॅट.

मामंजी उभे राहिले. कागद नव्हता. म्हणाले, "मी आयुष्यभर दारू ओतली. गटारात ओतली, समुद्रात ओतली, एकदा चुकून साहेबांच्या बुटांवर ओतली. आज ओतली की उद्या तेवढीच परत तयार. आमच्याकडे कायदा वरून आला. लोक म्हणाले, तुझा कायदा तू सांभाळ. मी पुढे धावायचो, लोक त्याहून पुढे. मी दमलो, लोक दमले नाहीत."

लोक हसायला लागले. डीकन मात्र अस्वस्थ झाले.

"इथे येऊन मी पाहिलं," मामंजी म्हणाले, "तुम्ही एकमेकांना विचारून एक दिवस ठरवलाय. त्या दिवशी इथे काय काय होतं, हे मी सांगणार नाही." पुढच्या रांगेत सार्जंटला खोकला आला. "पण त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि माणसं एकमेकांच्या घरी असतात. मी एकटा माणूस आहे. मला आठवड्यात तो एक दिवस हवासा वाटतो. बाकी तुमचं तुम्ही बघा."

ते बसले. टाळ्या पडल्या. डीकननी उठून विचारलं, "म्हणजे सर, कोरडं राहावं असंच तुमचं मत ना?"

"मला मत नाही," मामंजी म्हणाले. "मी चार महिन्यांचा पाहुणा आहे."

कॉमनवेल्थचे नागरिक आणि तिथले रहिवासी म्हणून ह्यांना आणि मला मात्र मत होतं. मतदानाच्या दिवशी मालकीणबाईंनी दार वाजवलं आणि आम्ही दोघी बरोबरच शाळेतल्या मतदान केंद्राकडे चालत गेलो. वाटेत मी म्हटलं, "तुम्हाला तर बरंच होईल ना, रविवारी पब उघडता आला तर?"

त्या रस्त्यात थांबल्या. "अगं कारियाद, सहा दिवस मी त्या काउंटरमागे उभी असते. पाय बघ माझे. रविवारीही दार उघडलं तर पुलापलीकडचे कोण कोण येतील, आणि मी त्यांना ओतत बसायचं. मग माझ्या स्वयंपाकघरात कोण बसणार? मी कोरड्यालाच मत देणार. पण सार्जंटला सांगू नकोस, त्याला वाटतं मी बिचारी कायद्याने गांजलेय."

मी पोट धरून हसले. मीही कोरड्यालाच मत दिलं. ह्यांनी ओल्याला दिलं, कारण पुलावरून पिऊन परतणाऱ्यांच्या गाड्यांचे अपघात त्यांच्याच वॉर्डात यायचे. त्यावरून आमचं घरी चांगलंच वाजलं. खरं तर दोघांचंही बरोबर होतं.

काउंटी कोरडी राहिली. त्याच रविवारी स्वयंपाकघरात गाणं रंगात आलं असताना मागच्या दारावर टकटक झाली. मालकीणबाईंनी दार उघडलं तर काळ्या सुटात डीकन. टेबलाभोवतीचे सगळे चेहरे पांढरे पडले. सार्जंटने एक पाय बुटात घातला, दुसरा सापडेना.

डीकन उंबऱ्यावर उभे राहिले. त्यांनी खोलीभर पाहिलं. वास तर येतच होता. मग घसा खाकरून म्हणाले, "मी... आमच्या वक्त्यांचे आभार मानायला आलो होतो. घरी कुणी नव्हतं. गाणं ऐकू आलं." जरा थांबून म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात तुमचा खालचा सूर घसरतोय."

मामंजी उठले आणि आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढली. "बसा. हे मॅडमचं घर आहे. इथे आपण सगळे पाहुणे."

डीकन बसले. मालकीणबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मी तिसऱ्या वाढल्या. त्यांनी चहा घेतला, तिसऱ्या दोनदा घेतल्या, आणि मग खर्जात असा काही सूर लावला की सगळे ऐकत राहिले. त्यानंतर ते दर रविवारी येत. कायम चहाच. ग्लासांकडे ते कधी बघत नसत, आणि कुणी त्यांना बघायला लावतही नसे.

ख्रिसमसच्या आधी मामंजी मुंबईला परतले. त्यांना पोचवायला स्टेशनवर ही सगळी मंडळी आली होती. सार्जंटने त्यांना सॅल्यूट ठोकला. मामंजींनी उलट सॅल्यूट केला आणि मग त्याला मिठीच मारली. गाडी हलली तसं मालकीणबाई मला म्हणाल्या, "आता तिसऱ्या तू एकटीने आणायच्या हं. खाडा चालणार नाही."

खाडा केला नाही. पुढे आमची बदली इंग्लंडमध्ये मेडनहेडला होईपर्यंत चालू राहिलं ते. मेडनहेडला नदीकाठी पब आहेत, रविवारी दुपारी उघडे, लोक बागेत बसलेले. एका उन्हाळ्यात मालकीणबाई आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या. रविवारी आम्ही त्यांना तिथे घेऊन गेलो. त्यांच्या आयुष्यात रविवारी दुसऱ्या कुणी ओतून दिलेला तो पहिलाच ग्लास. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला आणि पोऱ्याला बोलावून म्हणाल्या, "बाळा, ग्लास नीट धुतलेला नाही." त्याने बिचाऱ्याने माफी मागून दुसरा आणला. त्यांनी एक घोट घेतला, बाकीचा ह्यांच्याकडे सरकवला आणि चपलांतून पाय काढून गवतावर ठेवले.

"छान आहे इथे," त्या म्हणाल्या. "पण कुणी गात का नाही?"